मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती आणि तारखांचे घोळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्च उजाडला की आमच्या पुण्यातल्या बुकिंगच्या टेबलावर एकच प्रवास पुन्हा पुन्हा येतो. मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला, मुलगा तिथल्याच जर्सी सिटीला आणि सहा महिन्यांसाठी निघालेले आई-बाबा. फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एका जागी घेतले आहेत. वेळापत्रकं ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून तासांचे आकडे अंदाजाने धरावेत. अंतराचं तसं नाही, ते आहे तिथेच आहे.

१. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने नेमकं किती किलोमीटर?

सुमारे १२,५५० किलोमीटर, म्हणजे जवळपास ७,८०० मैल. वैमानिक नॉटिकल मैल मोजतात (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी), त्या हिशेबाने ६,७७५ च्या आसपास. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी धरला तर आपण त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एका बैठकीत पार करतो. मुंबई-नागपूर विमानप्रवास लागोपाठ अठरा वेळा केला तर एवढं अंतर भरेल.

न्यूयॉर्कचं जेएफके आणि शेजारच्या न्यू जर्सीतलं नेवार्क या दोन विमानतळांत तीसेक किलोमीटरचाच फरक आहे, त्यामुळे हवेतल्या अंतराला तो जाणवत नाही. जमिनीवर उतरल्यावर मात्र जाणवतो (प्रश्न १२).

२. थेट विमानाला किती तास लागतात?

जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास, येताना चौदा ते पंधरा. वाटेत एक थांबा घेतला तर एकूण १९ ते २६ तास. हा फरक विमान हळू चालल्याने नाही, विमानतळावर बसून राहिल्याने पडतो.

३. जाताना दोन तास जास्त का लागतात? पृथ्वी फिरते म्हणून का?

नाही. हा समज इतका पक्का आहे की एकदा एका निवृत्त भूगोलाच्या सरांशीच माझा यावर अर्धा तास वाद झाला. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतूनच उडतं. पृथ्वीच्या फिरण्याचा तसा थेट फायदा मिळत असता, तर हेलिकॉप्टर हवेत नुसतं उभं ठेवून आपण खाली न्यूयॉर्क येण्याची वाट पाहिली असती.

खरं कारण वाऱ्याचं. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किमी सहज असतो आणि हिवाळ्यात आणखी वाढतो. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. सगळ्या वाटेची सरासरी फक्त ५० किमी धरली, तरी ताशी ९०० किमीने उडणाऱ्या विमानाचा जमिनीवरचा वेग जाताना ८५० आणि येताना ९५० होतो. १२,५५० ला या दोन आकड्यांनी भागून पाहा, दीड तासाचा फरक तिथेच निघतो. उरलेला फरक मार्गातून येतो, कारण जाताना वारा टाळण्यासाठी वाट वाकडी करतात आणि येताना मुद्दाम त्याच्यात शिरतात.

४. १२,५५० भागिले ९०० म्हणजे १४ तास. मग तिकिटावर १६ कसे?

भागाकार बरोबर आहे. तिकिटावरचे तास मात्र विमान दारापासून मागे सरकल्यापासून पलीकडच्या दाराला लागेपर्यंतचे असतात. मुंबईत मध्यरात्रीनंतर धावपट्टीसाठी रांग असते, जेएफकेला उतरल्यावरही दारापर्यंत रांगत जावं लागतं. हे दोन्ही मिळून अर्धा-पाऊण तास धरा. वारा प्रश्न ३ मध्ये आला, वळसे प्रश्न ६ मध्ये आहेत. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेत पोहोचतं.

५. नकाशात अमेरिका सरळ डावीकडे दिसते. मग विमान वर उत्तरेला कशाला जातं?

भिंतीवरचा नकाशा फसवतो. नातवंडाच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल घ्या, एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकेल. मुंबईहून निघून पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक, मग जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीच्या आसपास, नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमजवळून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून तो कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये उतरतो. सर्वांत वरचा बिंदू सुमारे ६५ अंश उत्तरेला, आइसलंडच्या जरा अलीकडे. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. सीटसमोरच्या पडद्यावर ती कमानीसारखी दिसते, कारण गोल वस्तू सपाट करून दाखवलेली असते.

उत्तर ध्रुवावरून मात्र हे विमान जात नाही. तो प्रकार सॅन फ्रान्सिस्कोच्या काही विमानांचा. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला ध्रुवावरून विमान आणलं होतं, ते अनेकांच्या लक्षात असतं आणि गल्लत तिथे होते.

६. म्हणजे माझं विमान खरंच अफगाणिस्तान-मॉस्कोवरून जाणार?

बहुधा नाही. दोऱ्याची वाट भूगोलाची आणि विमानाची वाट राजकारणाची.

२०१९ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती. त्याच जूनमध्ये इराणने अमेरिकेचं ड्रोन पाडलं आणि एका अमेरिकन कंपनीने नेवार्क-मुंबई थेट सेवा तात्पुरती थांबवली. २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत, भारतीय कंपन्यांना ती अडचण नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द पुन्हा बंद केली आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात तिकडचं आकाशही काही दिवस रिकामं झालं.

या सगळ्यात मुंबईकर नशीबवान. दिल्लीचं विमान पाकिस्तान टाळायला आधी गुजरातकडे खाली उतरतं आणि मग पश्चिमेला वळतं. मुंबईचं विमान उडालं की समोर अरबी समुद्रच, तिथून आखात, तुर्कस्तान, युरोप अशी वाट धरायला फार वळसा पडत नाही. म्हणून दिल्लीच्या नातेवाइकांनी "आमचं विमान व्हिएन्नाला तेल भरायला उतरलं होतं" असं सांगितलं, तर ते त्यांच्यासाठी खरं असतं. तुमचंही उतरेल असं नाही.

७. तिथे आणि इथे वेळेचा फरक किती? कधी साडेनऊ सांगतात, कधी साडेदहा.

दोन्ही बरोबर. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा.

तोंडी हिशेबाची युक्ती: उन्हाळ्यात आपल्या वेळेत अडीच तास मिळवा आणि सकाळची संध्याकाळ, संध्याकाळची सकाळ करा. इथे रात्रीचे आठ म्हणजे तिथे सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात अडीचऐवजी दीड मिळवा.

८. तिकिटावर रात्री १:३० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ८ ला पोहोचतं असं आहे. साडेसहा तासांत कसं शक्य आहे?

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. मुंबईचे १:३० अधिक १६ तास म्हणजे मुंबईचे संध्याकाळचे ५:३०. त्यातून उन्हाळ्याचे साडेनऊ वजा करा, न्यूयॉर्कचे सकाळचे ८. हिवाळ्यात तेच विमान ७ ला पोहोचेल.

परतताना उलट. दुपारी १२ ला निघालात, साडेचौदा तास उडालात, वर साडेनऊ मिळवले, की दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई. पुरे चोवीस तास घड्याळावर गेलेले दिसतात, विमानात मात्र साडेचौदाच.

९. १५ तारखेचं रात्री दीडचं विमान आहे. विमानतळावर १५ च्या रात्री जायचं ना?

नाही! १४ च्या रात्री. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

रात्री बारा वाजले की तारीख बदलते. १५ तारखेचे १:३० म्हणजे १४ चं जेवण झाल्यानंतरची रात्र. हा घोळ आमच्याच घरात झालाय. माझी मावशी आणि काका साताऱ्याहून निघाले, २३-२३ किलोच्या चार बॅगा, प्रत्येकीला ओळखीसाठी लाल चिंधी, आणि मावशीच्या मांडीवर मेतकुटाची वेगळी पिशवी. टर्मिनल २ च्या दारावर १५ च्या रात्री दहाला पोहोचले. जवानाने तिकीट वाचलं, पासपोर्ट पाहिला, पुन्हा तिकीट वाचलं आणि हळूच म्हणाला, "काका, हे विमान काल गेलं." तिकीट मीच काढून दिलं होतं आणि फोनवर "पंधराचं विमान" एवढंच सांगितलं होतं. चूक माझी. तेव्हापासून आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटावर हाताने लिहिलेलं असतं: "घरातून निघायचं – मंगळवारी दुपारी." तारीख नाही, वार.

१०. थेट जावं की थांबा घ्यावा? वाट किती वाढते?

वाट फारशी वाढत नाही, आणि ऐकणाऱ्याला हे पटकन पटत नाही. लंडनमार्गे मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, बेरीज १२,७५०, म्हणजे थेटपेक्षा फक्त दोनशे किमी जास्त. फ्रँकफर्टही तेवढंच. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. लंडन आणि फ्रँकफर्ट प्रश्न ५ मधल्या कमानीच्या थोडे खालीच आहेत, म्हणून हा हिशेब जमतो. सिंगापूरमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर मात्र गोल पुन्हा हातात घ्या: १९,००० किमीच्या वर जातं, आणि त्यातला सिंगापूर-न्यूयॉर्क हा तुकडा जगातल्या सर्वांत लांब उड्डाणांपैकी एक.

गुडघ्यांसाठी थांबा हवा असेल, तर तुकडे कसे पडतात ते बघा. दुबईला थांबलात तर तीन तास आणि मग पुन्हा चौदा. म्हणजे आराम हवा तेव्हा मिळत नाही, उलट झोपमोड होते. युरोपात थांबलात तर दहा आणि आठ, वाट मधोमध मोडते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच जाणारे, इंग्रजी-हिंदीत अडखळणारे आणि दोघंच असलेले ज्येष्ठ असतील तर थेट. एकदाच बसायचं, एकदाच उतरायचं. पाठीचा किंवा पायांचा त्रास असेल, सोबत कुणी असेल तर युरोप. थांबा अडीच तासांपेक्षा कमी आणि पाचांपेक्षा जास्त नको. युरोपमार्गे तिकीट काढण्याआधी ट्रान्झिट व्हिसाचा नियम आपल्या व्हिसाप्रमाणे तपासून घ्या.

एक गंमत: एअर इंडियाने न्यूयॉर्क सेवा १४ मे १९६० ला बोइंग ७०७ ने सुरू केली, तीही लंडनमार्गेच. त्यांची मुंबईहून न थांबता जाणारी सेवा यायला २००७ उजाडलं.

११. अबू धाबीमार्गे गेलं तर अमेरिकेत रांग लागत नाही, हे खरं का?

अमेरिकेत लागत नाही, अबू धाबीत लागते. अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्सचे अधिकारी तिथल्या विमानतळावरच तपासणी करतात, त्यामुळे न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. पण म्हणूनच अबू धाबीतला थांबा सव्वा-दीड तासाचा घेऊ नका.

१२. मुलगी एडिसनला राहते. जेएफके घ्यावं की नेवार्क?

भाडं सारखं असेल तर डोळे मिटून नेवार्क. तिथून एडिसन तीस-पस्तीस किलोमीटर. जेएफके न्यूयॉर्क शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, क्वीन्समध्ये आहे. जावयाला व्हेराझानो पूल ओलांडून, स्टेटन आयलंड पार करून यावं लागतं, आणि संध्याकाळच्या गर्दीत त्यात दोन तास सहज जातात. मुलं लाँग आयलंड किंवा क्वीन्सला असतील तर अर्थातच जेएफके.

१३. विमानाचे १६ तास कळले. पण घरापासून घरापर्यंत किती?

हा खरा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. पुण्याचं उदाहरण घेऊ. पुणे ते मुंबई विमानतळ चार-पाच तास (घाटात काय होईल ते घाटच जाणे). विमानाच्या आधी साडेतीन-चार तास पोहोचायचं. विमान १६. इमिग्रेशन आणि बॅगा दीड-दोन तास. पुढे गाडीने एक-दीड. बेरीज २६ ते साडेअठ्ठावीस तासांच्या घरात. कोल्हापूर-सांगलीकरांनी वर आणखी चार-पाच मिळवावेत. म्हणून निघायच्या दिवशी घरात सत्यनारायण घालू नये, असं मी स्पष्ट सांगतो. ऐकतं कुणी नाही.

१४. पुण्याहून किंवा नागपूरहून थेट न्यूयॉर्क आहे का?

नाही. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आणि एवढ्या लांबच्या, इंधनाने भरलेल्या विमानाला ती तोकडी पडते. अशा विमानात (उदाहरणार्थ बोइंग ७७७-३००ईआर) १,८१,००० लिटरहून जास्त इंधन मावतं. तिकिटावर आता एक गोष्ट जरूर पाहा: नवी मुंबईचं विमानतळही झालं आहे, त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. रिक्षावाल्याला "मुंबई एअरपोर्ट" एवढं सांगून चालणार नाही.

१५. न्यूयॉर्कहून पुढे शिकागोला जायचंय. मधे किती वेळ ठेवू?

किमान तीन तास, शक्यतो चार. बॅगेवर शिकागोचा टॅग लागलेला असला तरी अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथे बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलाव्या लागतात, कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. "टॅग लावलाय, आपोआप जाईल" म्हणून बॅग न घेता पुढे गेलेले बरेच जण आहेत. अपवाद प्रश्न ११ चा.

१६. बीपीची गोळी आणि इन्सुलिन कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं?

हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, आणि विचारताना नुसतं "अमेरिकेला जातोय" म्हणू नका. असं सांगा: "जाताना माझा दिवस साडेनऊ (हिवाळ्यात साडेदहा) तासांनी लांबणार आहे, येताना तेवढाच आखूड होणार आहे." डॉक्टरांना हाच आकडा लागतो. रोज एकदाच्या गोळ्यांचा प्रश्न सोपा असतो, इन्सुलिनचा नाही. सगळी औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, कारण सामानात गेलेली बॅग त्या १६ तासांत मिळत नाही. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चक्कर मारा, पाणी पीत राहा. शाकाहारी किंवा जैन जेवण किमान २४ तास आधी नोंदवा.

१७. डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा सोळा तास खिडकीबाहेर अंधारच होता. असं कसं?

तुम्ही सूर्यापासून पळत होतात. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी १,६७० किमीने फिरतो, ६० अंश उत्तरेला तो वेग निम्म्यावर, ८३५ वर येतो. ताशी ८५०-९०० ने पश्चिमेला उडणारं विमान तिथे सूर्याला जवळजवळ बरोबरीत ठेवतं. मुंबईत संध्याकाळी सहाला मावळलेला सूर्य तुम्हाला थेट न्यूयॉर्कच्या सव्वासातला दिसतो. साडेदहा तासांचा फरक धरून मोजा, जवळजवळ चोवीस तासांची रात्र होते. जूनमध्ये गेलात तर उजवीकडची खिडकी मागा. उत्तरेकडे क्षितिजावर तांबूस पट्टा बराच वेळ टिकून असतो.

१८. वाटेत आंतरराष्ट्रीय तारीख रेषा लागते का?

युरोपवरून जाताना नाही. ती पॅसिफिक महासागरात आहे. सॅन फ्रान्सिस्कोचं विमान पॅसिफिकवरून गेलं तर लागते.

१९. त्या रात्री संकष्टी आहे. चंद्रोदय कुठला धरायचा? आणि तिथे एकादशी कधी?

संकष्टीचं सोपं आहे. चंद्र मुंबईत रात्री नऊ-दहाच्या सुमारास उगवतो, विमान दीडला आहे. तोपर्यंत तुम्ही आत, वेटिंगच्या खुर्चीवर असता. चंद्र काचेतून दिसो न दिसो, वेळ झाली की डब्यातले मोदक काढा. सुरक्षा तपासणीत मोदकांना हरकत नसते, नारळाच्या पाण्याला असते.

एकादशीचं जरा अवघड. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. दिवस ठरतो तो मात्र त्या गावच्या सूर्योदयावरून. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ किंवा रात्र असते. त्यामुळे तिथली एकादशी कधी आपल्याच तारखेला येते, कधी एक दिवस आधी. इथलं कालनिर्णय तिथल्या भिंतीवर लावून उपवास चुकतात ते म्हणूनच. तिथल्या शहरासाठी गणित केलेलं पंचांग वापरा.

२०. जेट लॅग किती दिवस?

जाताना चार-पाच दिवस, येताना आठवडा धरा. दिवस लांबवणं शरीराला जमतं, आखूड करणं जमत नाही. पोहोचल्यावर दुपारी झोपू नका, उन्हात चाला. पहाटे तीनला जाग येणारच, तेव्हा इथे दुपार असते. धाकट्या बहिणीला फोन करा.

२१. सासूबाईंचा पंच्याहत्तरीचा वाढदिवस नेमका प्रवासाच्या दिवशी येतोय. तिकीट पुढे ढकलू?

जाताना येत असेल तर अजिबात नको. रात्री बाराला विमानतळावर वाढदिवस सुरू होईल आणि न्यूयॉर्कच्या मध्यरात्री संपेल. उन्हाळ्यात साडेतेहतीस तासांचा, हिवाळ्यात साडेचौतीसचा. केक तिकडे, औक्षण इकडे, दोन्ही त्याच तारखेत बसतं. परतीच्या दिवशी येत असेल तर मात्र ढकला, कारण तो वाढदिवस उन्हाळ्यात साडेचौदा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांतच उरकतो.